वाचकांचे प्रश्न : सगळ्यांची मिळून एकच रिसीव्ह क्यू

मागच्या अंकात मी आरडीएमएबद्दल लिहिलं होतं. नेटवर्क कार्ड कर्नलला मधे न घेता डेटा थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत कसा आणून ठेवतं, आणि त्यासाठी प्रत्येक जोडणीला सेंड क्यू व रिसीव्ह क्यू अशी जोडी, म्हणजे क्यूपी, का लागते, एवढा तो विषय होता. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीकडे वळली : अनेक जोडण्यांना मिळून एक रिसीव्ह क्यू, म्हणजे एसआरक्यू (शेअर्ड रिसीव्ह क्यू). रिसीव्ह क्यू ही येणाऱ्या संदेशांसाठी आधीच मांडून ठेवलेल्या रिकाम्या बफरांची रांग. कुपवाड, मिरज, कराड, तासगाव इथे घरी बसून हे काम करणारी इतकी मंडळी आहेत हे पाहून मला मनापासून आनंद झाला. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : मॅडम, मी कुपवाडला राहतो, काम घरूनच चालतं. आमच्या सर्व्हरला सुमारे १००० क्लायंट आरसी (रिलायेबल कनेक्शन, म्हणजे पोचपावती घेणाऱ्या) जोडणीने छोट्या नोंदी पाठवतात. एक नोंद साधारण २५० बाइटची. कार्ड २५ गिगाबिटचं आहे, रोसी व्ही २ वर, म्हणजे इथरनेटवरून चालणाऱ्या आरडीएमएवर. आधी प्रत्येक जोडणीला ८ केबीचे १२८ बफर होते. मेमरी फार जात होती म्हणून सगळ्यांना मिळून ४०९६ बफरची एक एसआरक्यू केली. नोंद डिस्कवर लिहून झाली की तो बफर आम्ही परत पोस्ट करतो, म्हणजे क्यूत टाकतो. चाचणीत सगळं ठीक होतं. प्रत्यक्ष लोड आला की मधूनच काही क्लायंट तुटतात आणि त्यांच्याकडे 'आरएनआर रिट्राय काउंटर एक्सीडेड' ही चूक दिसते. एसआरक्यू बनवतानाच लिमिट (बफर यापेक्षा कमी झाले की इशारा यावा ती मर्यादा) १०० दिली आहे, पण इशारा एकदाही आलेला नाही. बफर किती ठेवावेत आणि लिमिट किती?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : तुमचा एसआरक्यूकडे वळण्याचा निर्णय बरोबर होता, हे आधी आकड्यांतच बघू. १००० जोडण्या गुणिले १२८ बफर गुणिले ८ केबी म्हणजे १०,२४,००० केबी, म्हणजे १००० एमबी. ही सगळी मेमरी रजिस्टर केलेली, जागेवर खिळवलेली. कर्नल ती स्वॅपमध्ये हलवू शकत नाही. ४०९६ बफर मात्र ३२ एमबीत बसतात. हजार क्लायंट एकाच क्षणी प्रत्येकी १२८ संदेश पाठवत नाहीत, म्हणून ही बचत खरी आहे. इन्फिनिबँड या आरडीएमए नेटवर्कच्या तंत्राचं १.० प्रमाण २००० साली आलं त्यात एसआरक्यू नव्हती. क्लस्टर मोठे होत गेले, जोडण्यांच्या संख्येबरोबर मेमरीही वाढत गेली आणि ते परवडेना, तेव्हा २००४ च्या १.२ आवृत्तीत ती आली.

पण या बदलात कार्ड तुमच्यासाठी गुपचूप करत असलेलं एक काम बंद झालं. आरसी जोडणीची स्वतःची रिसीव्ह क्यू असते तेव्हा पोचपावतीबरोबर एक आकडा जातो : माझ्याकडे अजून इतके बफर मांडलेले आहेत. पाठवणारं कार्ड तो आकडा पाहून हात आखडता घेतं. एसआरक्यूच्या बाबतीत असा आकडा सांगताच येत नाही. एकच बफर हजार जणांसाठी मांडलेला असताना तो कोणाच्या नावावर दाखवायचा? म्हणून अशा जोडणीवर त्या जागी 'हा आकडा वैध नाही' एवढाच संकेत जातो आणि पाठवणारा बफर आहे की नाही हे न पाहता पाठवतो. बफर असला तर उत्तम. नसला तर तुमचं कार्ड आरएनआर नॅक पाठवतं : 'घेणारा तयार नाही'. पाठवणारा ठरावीक वेळ थांबतो, पुन्हा पाठवतो, आणि ठरलेल्या वेळा प्रयत्न करूनही जमलं नाही तर ती जोडणी एरर स्थितीत जाते. तुटतात ते क्लायंट बिघडलेले नाहीत. क्यू रिकामी असताना नेमका ज्यांचा संदेश आला, ते तुटले.

थांबण्याचा वेळ आणि प्रयत्नांची संख्या ही दोन टोकांना ठरते, आणि इथे एक फसवी जागा आहे. किती वेळ थांबायचं ते घेणारा सांगतो, मिन_आरएनआर_टायमर या पाच बिटांच्या सांकेतिक आकड्याने. १ म्हणजे ०.०१ मिलिसेकंद, १२ म्हणजे ०.६४ मिलिसेकंद. आणि ० म्हणजे शून्य वेळ नव्हे, तर ६५५.३६ मिलिसेकंद, सगळ्यांत जास्त. स्ट्रक्चर मेमसेटने शून्य करून हे फील्ड भरायचं राहिलं तर एका चुकलेल्या संदेशामागे तो क्लायंट अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ गप्प बसतो, आणि मग लोक नेटवर्क स्विचमध्ये दोष शोधत राहतात. किती वेळा प्रयत्न करायचा ते पाठवणारा ठरवतो, आरएनआर_रिट्राय मध्ये. ० ते ६ हे खरे आकडे आणि ७ म्हणजे अमर्याद. तुमच्या क्लायंटमध्ये ७ नसणार, नाहीतर ही चूक दिसलीच नसती. ७ करा, माझी हरकत नाही. हजार जोडण्या तुटून पुन्हा जुळवण्यापेक्षा थोडा उशीर बरा. फक्त तेवढ्यावर थांबू नका, कारण ७ केल्यावर रोग तसाच राहतो आणि दिसायचा बंद होतो. तो दिसत राहावा म्हणून सर्व्हरवर कार्डाचे गणक पाहत जा. एनव्हिडियाच्या, म्हणजे पूर्वीच्या मेलानॉक्सच्या, कार्डांवर 'आऊट_ऑफ_बफर' नावाचा गणक हार्डवेअर काउंटरांच्या फोल्डरात मिळतो. संदेश आला आणि बफर नव्हता, असं झालं की तो वाढतो. माझ्या विश्रामबागच्या खोलीत दोन जुन्या मशीन एकाच केबलने समोरासमोर जोडलेल्या आहेत. कुठलाही नवा प्रयोग सुरू करण्याआधी मी दुसऱ्या टर्मिनलवर हा गणक उघडून ठेवते.

आता ४०९६ पुरेसे आहेत का ते बघू. कार्डाचा वेग सेकंदाला ३.१२५ अब्ज बाइट. संदेश ८ केबीचे असते तर सेकंदाला सुमारे ३ लाख ८१ हजार संदेश आले असते आणि ४०९६ बफर साधारण १०.७ मिलिसेकंद पुरले असते. तुम्ही बहुधा असाच हिशेब केला असणार, कारण बफर ८ केबीचे आहेत. पण तुमची नोंद २५० बाइटची आहे, आणि संदेश कितीही लहान असला तरी त्याला एक अख्खा बफर लागतो. रोसीचे हेडर धरून तारेवर एक नोंद सव्वातीनशे-साडेतीनशे बाइटची होते. वायर पूर्ण भरली तर सेकंदाला नव्वद लाखांच्या आसपास संदेश. म्हणजे ४०९६ बफर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपतात. रोज एवढा वेग येणार नाही, तुमचा सीपीयू कदाचित एवढं झेलणारही नाही; पण हजार क्लायंटांनी तासाच्या ठोक्याला एकदम नोंदी पाठवल्या, तर झोताच्या वेळी वायर भरते ती अशीच. आणि लिनक्सचा शेड्युलर तुमचा पोलिंग थ्रेड, म्हणजे संदेश आले का ते तपासत राहणारा थ्रेड, एक-दोन मिलिसेकंद बाजूला ठेवू शकतो, ही अगदी रोजची गोष्ट आहे.

म्हणून पहिला बदल : बफर ८ केबीवरून ५१२ बाइटवर आणा. तेवढ्याच ३२ एमबीत ६५,५३६ बफर होतात. एवढ्यांची गरज नाही. १६,३८४ घेतले तरी ८ एमबीत काम होतं. आधी आयबीव्ही_डेव्हइन्फो तपशिलासह चालवून तुमच्या कार्डाची मॅक्स_एसआरक्यू_डब्ल्यूआर मर्यादा पाहून घ्या. तुमच्याकडे क्वचित एखादा मोठा संदेश येत असेल तर मात्र जपून. एसआरक्यूत कोणत्या क्लायंटला कोणता बफर मिळेल हे तुमच्या हातात नसतं. पुढचा जो असेल तो जातो. संदेश बफरपेक्षा मोठा निघाला तर सर्व्हरकडे लोकल लेंग्थ एरर येते आणि ती जोडणी तिथेच संपते. मोठ्या संदेशासाठी क्लायंटने फक्त पत्ता, लांबी आणि 'की' (ती मेमरी वाचू देणारा आकडा) एवढी छोटी नोंद पाठवावी, आणि सर्व्हरने आरडीएमए रीडने तो डेटा ओढून घ्यावा.

दुसरा बदल मला आकारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. नोंद डिस्कवर गेल्यावर तुम्ही बफर परत पोस्ट करता, म्हणजे ४०९६ हा आकडा फक्त कोडमध्ये आहे. डिस्क रेंगाळली की शेकडो बफर तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात अडकतात आणि कार्डासमोरची क्यू तेवढी रिकामी होते. डिस्कचा उशीर नेटवर्कपर्यंत पोचवणारी ही नळी तुम्हीच जोडून ठेवलेली आहे. २५० बाइट कॉपी करायला सीपीयूला काहीच लागत नाही. कम्प्लिशन, म्हणजे संदेश बफरात आल्याची कार्डाची सूचना, आली की नोंद आपल्या मेमरीत कॉपी करा आणि बफर लगेच परत क्यूत टाका. डिस्कचं काम नंतर. ज्यांचे संदेश कॉपी करायला जड आहेत त्यांनी सुट्या बफरांचा वेगळा साठा ठेवावा : भरलेला बफर वरच्या कोडला द्यायचा आणि त्याच वेळी साठ्यातला रिकामा क्यूत टाकायचा. बफरांचा साठा आणि एसआरक्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि साठा नेहमी क्यूपेक्षा मोठा हवा.

परत टाकताना एकेक टाकू नका. आयबीव्ही_पोस्ट_एसआरक्यू_रिसीव्ह ला साखळी देता येते. ३२ किंवा ६४ बफरांची साखळी करून एकदम द्या, म्हणजे कार्डाला एकदाच हाक जाते. साखळीतला एखादा नाकारला गेला तर बॅड_डब्ल्यूआर त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याच्या आधीचे सगळे गेलेले असतात, तो आणि त्याच्या पुढचे गेलेले नसतात. ते साठ्यात परत ठेवायला विसरलं तर बफर हळूहळू हरवत जातात आणि काही आठवड्यांनी क्यू कायमची अर्धी होते.

आता लिमिट. तुमचा इशारा न येण्याचं कारण साधं आहे : आयबीव्ही_क्रिएट_एसआरक्यू ला दिलेली एसआरक्यू_लिमिट धरलीच जात नाही. क्यू बनवा, बफर भरा, आणि मग आयबीव्ही_मॉडिफाय_एसआरक्यू ने लिमिट लावा. क्रमही हाच असू द्या, आधी भरायचं आणि मग लावायची. क्यूतले बफर लिमिटच्या खाली गेले की असिंक्रोनस इव्हेंट येतो, पण तो एकदाच. इव्हेंट आल्यावर लिमिट आपोआप शून्य होते. बफर भरून ती तुम्हीच पुन्हा लावायची. पहिल्या इशाऱ्यानंतर कायमचा गप्प झालेला सर्व्हर मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि दरवेळी कारण हेच निघतं.

लिमिट १०० योग्य आहे का, याचं उत्तर आपल्या सांगलीत प्रत्येकाला आधीच माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. मधले पाच फूट महत्त्वाचे आहेत ते लोकांना घर सोडायला वेळ मिळावा म्हणून, आणि पाणी किती वेगाने चढतंय यावर तो वेळ ठरतो. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्या दिवसांत सगळी सांगली फुटांबरोबर तासही मोजत होती. तुमच्या क्यूत पातळी चढायच्या ऐवजी उतरते, धोका शून्यावर आहे, आणि लिमिट ही इशारा पातळी आहे. म्हणून बफर मोजून लिमिट ठरवू नका, वेळ मोजून ठरवा. इशारा येऊन नवे बफर क्यूत पडेपर्यंत तुमच्या सर्व्हरला वाईटात वाईट किती वेळ लागतो? समजा २ मिलिसेकंद. झोताच्या वेळी सेकंदाला किती संदेश येतात? समजा १० लाख. म्हणजे त्या वेळात २००० बफर जातील. लिमिट २००० च्या थोडी वर, २५०० ठेवा. १०० ठेवलीत तर १० लाखांच्या वेगाने तुमच्या हातात ०.१ मिलिसेकंद उरतो. तेवढ्यात थ्रेड जागासुद्धा होत नाही.

एक काळजी घ्या. रोजचं भरणं या इशाऱ्यावर सोपवू नका. ते पोलिंगच्या फेरीतच व्हायला हवं. इशारा फक्त त्या वेळेसाठी आहे जेव्हा पोलिंग थ्रेड कुठेतरी अडकलाय आणि दुसऱ्या थ्रेडने सुटे बफर टाकायला हवेत. आणि इथेच कम्प्लिशन क्यूचा, म्हणजे कम्प्लिशन ज्या रांगेत येऊन पडतात तिचा, आकार आडवा येतो. पोल केल्याशिवाय पोस्ट करायचं नाही असा नियम असेल तर न उचललेल्या कम्प्लिशनची संख्या एसआरक्यूतल्या बफरांपेक्षा जास्त होऊच शकत नाही. पण इशारा आल्यावर तुम्ही सुटे बफर टाकलेत आणि जुन्या कम्प्लिशन अजून उचलल्या नाहीत, तर त्या साचत जातात. कम्प्लिशन क्यू ओसंडली की ती चूक सावरता येत नाही. तिच्यावरच्या सगळ्या जोडण्या जातात. म्हणून कम्प्लिशन क्यूचा आकार एसआरक्यूवरून ठरवू नका, बफरांच्या संपूर्ण साठ्यावरून ठरवा. सेंडच्या कम्प्लिशनही त्याच क्यूत येत असतील तर त्याही मिळवा.

प्रश्न : एका बिघडलेल्या क्लायंटने संदेशांचा भडिमार केला आणि बाकी सगळे अडले. एका क्लायंटला ठरावीक बफरच द्यायचे अशी सोय एसआरक्यूत आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. एसआरक्यूत जोडणीनुसार वाटणी नसते. आधी येईल त्याला बफर मिळतो. कार्डाने सोडून दिलेला हिशेब आता तुमच्या प्रोग्रॅमने ठेवायचा आहे. प्रत्येक क्लायंटला क्रेडिट द्या : इतके संदेश न विचारता पाठवू शकतोस, त्यापुढे सर्व्हरने क्रेडिट परत केल्याशिवाय नाही. क्रेडिट परत करायला वेगळा संदेश लागत नाही, सर्व्हरच्या उत्तरात एक फील्ड पुरतं. उत्तरंच जात नसतील तर मात्र अधूनमधून एक छोटा संदेश पाठवावा लागेल.

किती क्रेडिट द्यायचं यात खरा विचार आहे. ४०९६ बफर आणि १००० क्लायंट असताना प्रत्येकाला ४ दिले तर कधीच काही अडणार नाही, पण मग वाटून घेतल्याचा फायदाही नाही. एकटाच कामात असलेला क्लायंटसुद्धा चारच्या वर जाऊ शकणार नाही. मी असं करेन : प्रत्येकाला २ हक्काचे, म्हणजे २००० बाजूला गेले. उरलेले २०९६ ज्याला गरज आहे त्याला तात्पुरते, आणि एकाला जास्तीत जास्त किती हे ठरवून. शांत झालेल्याकडचे परत घ्यायचे. भडिमार करणारा क्लायंट तुमच्याच कोडचा असेल तर एवढं पुरे. क्लायंट दुसऱ्या कोणाचे असतील आणि ते क्रेडिट पाळतील याची खात्री नसेल, तर त्यांना वेगळ्या एसआरक्यूवर ठेवा. मर्यादा ओलांडणाऱ्याची जोडणी सर्व्हरने स्वतः तोडावी. कम्प्लिशनमध्ये क्यूपीचा नंबर येतो, त्यावरून संदेश कोणाचा ते कळतं. तो नंबर प्रत्येक कम्प्लिशनला वाचायची सवय लावून घ्या, कारण एसआरक्यूत फक्त डब्ल्यूआर_आयडी (बफर पोस्ट करताना आपण त्याला दिलेला नंबर) वरून पाठवणारा ओळखता येत नाही.

प्रश्न : आठ थ्रेड आहेत. सगळ्यांना एक एसआरक्यू की प्रत्येकाला एक?
— तासगावहून

उत्तर : प्रत्येकाला एक. लिबआयबीव्हर्ब्स या आरडीएमए लायब्ररीची फंक्शनं थ्रेड-सेफ आहेत, म्हणजे आत कुलूप आहे, आणि आठ थ्रेड एकाच क्यूत बफर टाकायला लागले की ते एकमेकांची वाट पाहत बसतात. लिनक्स कर्नलमधल्या एनव्हीएमई-ओव्हर-फॅब्रिक्सच्या (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या तंत्राच्या) आरडीएमए टार्गेटमध्येही आधी एका कार्डाला एक एसआरक्यू होती. २०२० मध्ये ती प्रत्येक कम्प्लिशन व्हेक्टरला (कम्प्लिशनची सूचना ज्या इंटरप्टने येते त्याला) एक अशी झाली. फक्त जोडण्या वाटताना विचार करा. क्यूपी कोणत्या एसआरक्यूला बांधायची हे ती बनवतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही. सगळे बोलके क्लायंट एकाच थ्रेडच्या वाट्याला आले तर सात क्यू भरलेल्या राहतील आणि आठवी कोरडी पडेल.

प्रश्न : ताई, मी विश्रामबागला राहते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सगळं वाचून करून पाहावंसं वाटतं, पण माझ्याकडे फक्त एक साधा लॅपटॉप आहे. असं कार्ड कॉलेजातही नाही. नुसतं वाचून हे येईल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नुसतं वाचून नाही, पण लॅपटॉपवर नक्की येईल. लिनक्सच्या ४.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, कर्नलमध्ये सॉफ्ट-रोसी आहे. ते साध्या इथरनेट कार्डावर, अगदी दोन व्हर्च्युअल मशीनच्या मधेसुद्धा, आरडीएमएचं उपकरण उभं करतं. आरडीएमए-कोअर हे पॅकेज बसव, सॉफ्ट-रोसीचं आरएक्सई मॉड्यूल लोड कर, आणि आरडीएमए आज्ञेने तुझ्या नेटवर्क इंटरफेसवर एक आरएक्सई लिंक जोड. लॉक करता येणाऱ्या मेमरीची मर्यादा अपुरी पडली तर रजिस्ट्रेशनच होत नाही, म्हणून युलिमिट आधी वाढवून घे. वेग मोजायला हे कामाचं नाही, पण नियम तेच आहेत आणि तुला आत्ता नियमच शिकायचे आहेत.

लिबआयबीव्हर्ब्सबरोबर आयबीव्ही_एसआरक्यू_पिंगपाँग नावाचा नमुना प्रोग्रॅम मिळतो. त्यात १६ क्यूपी एकाच एसआरक्यूवर चालतात. आधी तो नुसता चालव. मग त्याचा सी कोड उघड आणि ओळीन् ओळ वाच. फार मोठा नाही, एका रविवारी होतो. त्यात आरएनआर_रिट्राय ७ लिहिलेलं दिसेल आणि मिन_आरएनआर_टायमर १२. वरच्या कुपवाडच्या पत्राचं उत्तर वाचलं असशील तर या दोन आकड्यांचा अर्थ तुला कळेल.

आता मोडतोड कर. क्यूतले बफर कमी झाले की परत भरणारा एक छोटा तुकडा त्या कोडमध्ये आहे; तो बंद कर आणि चालव. सुरुवातीला भरलेले बफर संपले की दोन्ही बाजू गोठतील, चूक काहीच दिसणार नाही. मग आरएनआर_रिट्राय ७ चा १ कर. आता तेच सगळं एका स्पष्ट चुकीने तुटेल. हे दोन प्रयोग पाठोपाठ केलेस की ७ ने काय झाकलं जातं ते तुला कोणी वेगळं सांगावं लागणार नाही. त्यानंतर भरणारा तुकडा परत चालू कर, असिंक्रोनस इव्हेंट वाचणारा एक वेगळा थ्रेड लिही, लिमिट लाव आणि इशारा आला की छापून दाखव. लिमिट पुन्हा लावली नाहीस तर दुसरा इशारा येत नाही, हेही स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढं झालं की मला पुन्हा लिही. दोन मशीनवरचं खरं कार्ड मी तुला हाताळायला देईन.

प्रश्न : सर्व्हर बंद करताना तो कधीकधी एसआरक्यू नष्ट करण्याच्या ओळीवर अडकतो, अगदी किल करावा लागतो. शिवाय क्लायंट येत-जात राहिले की साठ्यातले बफर कमी होत जातात. दोन्हींचा संबंध आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आहे, दोन्हींचं मूळ जोडणी संपवण्याच्या क्रमात आहे.

जोडणीची स्वतःची रिसीव्ह क्यू असते तेव्हा क्यूपी एरर स्थितीत गेली की मांडलेला प्रत्येक बफर 'फ्लश' होऊन कम्प्लिशनने परत येतो. एसआरक्यूत तसं होत नाही. क्यूतले बफर बाकीच्यांसाठी तसेच राहतात, राहायलाच हवेत. फक्त त्या क्यूपीने आधीच उचललेले एक-दोन अधांतरी असतात. ते परत यायच्या आत तुम्ही क्यूपी नष्ट केली तर ते हरवले. तुमच्याकडे बहुधा प्रत्येक तुटणाऱ्या क्लायंटमागे हेच होतंय.

यासाठी वेगळा इव्हेंट आहे : क्यूपी लास्ट डब्ल्यूक्यूई रीच्ड. क्यूपी एरर स्थितीत टाका आणि या इव्हेंटची वाट पाहा. तो आला म्हणजे ही क्यूपी आता एसआरक्यूतून आणखी काही उचलणार नाही. त्यानंतर कम्प्लिशन क्यू रिकामी होईपर्यंत पोल करा, त्या क्यूपीच्या नावाने आलेले बफर, फ्लश झालेलेसुद्धा, साठ्यात घ्या, आणि मगच क्यूपी नष्ट करा.

अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पोच न दिलेला इव्हेंट हे असतं. आयबीव्ही_गेट_असिंक_इव्हेंट ने घेतलेल्या प्रत्येक इव्हेंटला आयबीव्ही_ॲक_असिंक_इव्हेंट ने पोच द्यावी लागते. एसआरक्यूचा एक जरी लिमिट इव्हेंट पोच न देता राहिला तरी आयबीव्ही_डिस्ट्रॉय_एसआरक्यू त्याची वाट पाहत कायमचं थांबतं. क्यूपीचंही तसंच. तुमचा इव्हेंट थ्रेड आधी बंद होत असेल आणि त्याने घेतलेला शेवटचा इव्हेंट तसाच राहत असेल, तर कधी अडकतं आणि कधी नाही, हे अगदी जुळतं. तो थ्रेड शेवटी बंद करा. एखादी क्यूपी अजून जोडलेली राहिली असेल तर मात्र नष्ट करण्याची आज्ञा अडकत नाही, चूक परत करते. तिचं रिटर्न मूल्य तपासता का तेही पाहा.

आणि एसआरक्यू नष्ट होताना तिच्यात शिल्लक असलेल्या बफरांच्या कम्प्लिशन येत नाहीत. ते कोणते होते याची यादी तुमच्या साठ्याकडेच हवी. मेमरी डीरजिस्टर करायची ती एसआरक्यू नष्ट झाल्यावर, त्याआधी नाही.